ऑक्युपंट म्हणजे टेनंट नव्हे : समानार्थी शब्दांच्या यादीचा इतिहास

माजिवडा नाक्याच्या आसपास, कापूरबावडीपासून बाळकुमपर्यंत, झेरॉक्सच्या दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या स्पायरल केलेल्या नोट्स मिळतात. त्यांतलं एक बाड ठरलेलं असतं. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, मध्ये सिनॉनिम, उजवीकडे अँटोनिम. एमपीएससी, एसएससी, बँक, जीआरई, परीक्षा कुठलीही असो, तीन रकान्यांचं हे बाड असतंच. बाळकुमलाच मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आहे, त्यामुळे पीएचडीची तयारी करणारी मुलंही हेच बाड पुढे चालवतात. परीक्षेत उपयोगी पडलं, मग संशोधनातही पडेल, असा साधा हिशोब.

आजच्या लेखात या बाडाकडे आपण इतिहासाचं साधन म्हणून बघू. कुठलाही जुना कागद हातात आला की आपण तीन प्रश्न विचारतो: कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कशासाठी लिहिला. शब्दांच्या यादीलाही हेच प्रश्न विचारता येतात. ‘हा शब्द बरोबर तो शब्द’ ही कल्पना आपण इतकी गृहीत धरतो की तिलाही इतिहास आहे हे लक्षातच येत नाही. तो कळला की यादीतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हेही कळतं.

आधी एक उदाहरण, सातबाऱ्यातलं

माजिवडा आज उड्डाणपूल आणि टॉवर्ससाठी ओळखला जातो. घोडबंदर रस्ता आणि महामार्ग जिथे मिळतात ते ठिकाण. पण नाक्यापासून आत वळलं की गावठाण आहे, आणि त्याच्या आजूबाजूला आज जिथे इमारती आहेत तिथे एके काळी भातशेती होती. समजा, तुम्हाला या भागातल्या जमिनीच्या इतिहासावर शोधनिबंध लिहायचा आहे. साधनं मराठीत: सातबारा, फेरफार, जुनी माणसं. निबंध मात्र इंग्रजीत.

तुम्ही पहिल्या परिच्छेदात एका शेतकऱ्याला ‘टेनंट’ म्हणता. दुसऱ्या परिच्छेदात तोच शब्द परत नको म्हणून ‘ऑक्युपंट’ लिहिता. बाडात हे दोन शब्द शेजारी असतात, चांगल्या थिसॉरसमध्येही असतात. इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलेलं असतं की तोच तोच शब्द वापरू नका. भाषा छान झाली, पण इतिहास चुकला.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यात ‘ऑक्युपंट’ची व्याख्या आहे. मराठीत त्याला भोगवटादार म्हणतात. दुमाला न केलेली जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे असा धारक म्हणजे भोगवटादार. पण व्याख्येतच पुढे म्हटलंय की कूळ आणि सरकारी पट्टेदार सोडून. म्हणजे जो ‘टेनंट’ आहे तो ‘ऑक्युपंट’ नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. थिसॉरसमध्ये जे समानार्थी, ते सातबाऱ्यावर जवळजवळ विरुद्धार्थी!

ही नुसती शब्दांची कसरत नाही. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातली १ एप्रिल १९५७ ही तारीख ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक घरांत आजही पाठ असते. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं गेलं. पुढे किंमत ठरायची, हप्ते भरायचे, दाखला मिळायचा, आणि मग कुळाचं नाव भोगवटादार म्हणून लागायचं. विकायची झाली तर परवानगीची अट वेगळीच. कूळ ते भोगवटादार हा प्रवास करण्यात काही घरांची अख्खी पिढी गेली. तुमच्या निबंधात मात्र तो शेतकरी पहिल्या परिच्छेदातून दुसऱ्या परिच्छेदात येईपर्यंत भोगवटादार झाला. कूळकायदा माहीत असलेला वाचक विचारणारच, याने जमीन विकत घेतली कधी?

‘टेनंट’ची दुसरी गंमत बघा. मराठीत शेत कसतो तो कूळ आणि खोलीत राहतो तो भाडेकरू. इंग्रजीत दोघेही टेनंट. म्हणजे एकीकडे इंग्रजीतले दोन शब्द एक मानून आपण चुकतो, तर दुसरीकडे इंग्रजीतल्या एका शब्दात मराठीतली दोन वेगळी माणसं गडप होतात.

मग ‘सिनॉनिम’ म्हणून यादीत जे छापलं जातं, ते नेमकं काय असतं? त्यासाठी मागे जाऊ या.

पाठांतराची आपली जुनी यादी

समानार्थी शब्द तोंडपाठ करणं आपल्याला इंग्रजांनी शिकवलं नाही. संस्कृत पाठशाळेत मुलगा बसला की रूपावली, समासचक्र आणि अमरकोश हा क्रम ठरलेला. अमरसिंहाचा हा कोश तीन कांडांचा, अनुष्टुभ छंदात बांधलेला आणि पाठांतरासाठीच रचलेला. सुरुवात स्वर्गाच्या नावांपासून, मग देव, आकाश, काळ, पुढे पृथ्वी, नगरं, झाडं, प्राणी, माणसं. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत, वस्तूंच्या गटांनी लावलेले आहेत. पोरं आधी घोकायची, अर्थ मागाहून.

कोणासाठी, कशासाठी? श्लोक रचणाऱ्याला एकाच वस्तूची वेगवेगळ्या मात्रांची नावं हाताशी लागतात. एक नाव वृत्तात बसत नसेल तर दुसरं. टीका वाचणाऱ्याला कवीने वापरलेलं अपरिचित नाव कोणत्या वस्तूचं आहे हे ओळखावं लागतं. अमरकोशातला समानार्थीपणा हा असा कामापुरता आहे. शब्दाचं लिंग कोणतं हेही तो सांगतो, आणि म्हणूनच त्याचं मूळ नाव नामलिंगानुशासन. शिवाय त्यात नानार्थवर्ग आहे, एका शब्दाचे अनेक अर्थ देणारा. म्हणजे शब्द आणि अर्थ यांची जोडी सरळ नसते, हे त्या यादीनेच मान्य केलेलं आहे. विरुद्धार्थाचा वेगळा रकाना मात्र त्यात नाही. कवीला तो लागत नव्हता.

याच साच्यातून शिवकाळात राजव्यवहारकोश आला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा पद्य कोश. साचा अमरकोशाचा, पण हेतू पार वेगळा: राज्यकारभाराची भाषा बदलणं. यादी दिसायला तशीच राहते आणि तिचं काम बदलतं, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच होत राहणार आहे.

सेरामपूर आणि मुंबई इलाखा

१८०८ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यात कोलब्रुकने अमरकोश इंग्रजी अर्थांसह छापला. त्याच सेरामपूरहून १८१० साली विल्यम केरीचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात मराठी शब्द मोडी लिपीत छापलेत, आणि केरीला मदत करणारे पंडित होते वैजनाथशास्त्री. वाचक कोण, तर मराठी शिकणारे कंपनीचे अधिकारी आणि मिशनरी. म्हणजे आरंभी हा रस्ता उलटा होता. इंग्रजांना मराठी शब्द पाठ करायचे होते, आपल्याला इंग्रजी नव्हे.

पेशवाई गेल्यावर १८१८ पासून मुंबई इलाख्यात हे काम जोरात सुरू झालं. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांनी केलेला मराठी-मराठी कोश आला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे त्याचे सहकारी, आणि शब्द गोळा करणारी, पारखणारी माणसं म्हणजे आपले शास्त्री. १८५७ ची त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आजही संशोधकाच्या टेबलावर असते. इंग्रजीकडून मराठीकडे जाणारा मोठा कोश मोल्सवर्थने सुरू केला, थॉमस कँडीने पुरा केला, आणि तो १८४७ साली निघाला.

मोल्सवर्थ उघडून एखादा शब्द वाचून बघा. एका शब्दापुढे एकच शब्द, असं तिथे क्वचितच मिळतं. अर्थ क्रमांकाने वेगळे केलेले, शब्द बोलण्यातला की कवितेतला की क्वचित आढळणारा याची खूण, कोकणातला असेल तर तसा उल्लेख, आणि जागोजागी वापराची उदाहरणं. ज्याला कचेरीत बसून रयतेचा अर्ज समजून घ्यायचाय त्याला हे सगळं लागतंच. चुकीचा अर्थ लावला तर निवाडा चुकतो.

याच काळात रस्ता उलटायला लागला होता. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. हे दोन स्तंभ आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. इथे शब्दासमोर शब्द नव्हता, मजकुरासमोर मजकूर होता. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकाला एखादा इंग्रजी शब्द पूर्ण वाक्यात, बातमीच्या संदर्भात भेटायचा, आणि शेजारी त्याच गोष्टीचं मराठी वाक्य असायचं.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे मॅट्रिक हा सरकारी नोकरीचा आणि कॉलेजचा दरवाजा ठरला. आता इंग्रजी शब्द हवे होते ते परीक्षेसाठी. मोठमोठ्या कोशांचे आटोपशीर संक्षेप निघू लागले. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप काढला. घरोघरी पोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. संक्षेपात काय गळतं, हे नीट बघा. शब्द राहतो, मुख्य अर्थ राहतो. वापराची उदाहरणं, प्रदेश, बोलीतला की ग्रंथातला ही खूण, हे आधी जातं. जागा वाचवायची तर तेच जाणार. त्यात कोणाचा दोष नाही; शाळकरी मुलाला पाच शेराचा ग्रंथ परवडत नव्हता. पण यादीचा आजचा चेहरा इथेच घडायला लागला.

आपल्या ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे तेच. इंग्रजी हा नोकरीचा दरवाजा झाला होता त्याच काळात ठाण्यातल्या काही मंडळींना मराठी ग्रंथ एका जागी जमवून ठेवणं गरजेचं वाटलं, ही नोंद या इतिहासात हवीच. आज जुना मराठी शब्द पारखायचा असेल तर ते जमवलेलं धनच कामाला येतं.

लंडनमध्ये अमरकोश

आता थोडं लंडनला जाऊ. युरोपात समानार्थी शब्दांची पुस्तकं होती, पण त्यांचा हेतू आजच्या बाडाच्या नेमका उलट होता. फ्रान्समध्ये १७१८ साली आबे जिरारने जे पुस्तक लिहिलं त्याचा मुद्दा होता की दोन शब्द कधीच पूर्णपणे सारखे नसतात. इंग्रजीत १७९४ ला हेस्टर पिओझी आणि १८१६ ला जॉर्ज क्रॅब यांनी याच वाटेने पुस्तकं लिहिली. जवळचे शब्द एकत्र घ्यायचे आणि मग फरक सांगत बसायचं. गट करायचा तो फरक दाखवण्यासाठी.

१८५२ साली पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरने आपला ‘थिसॉरस’ छापला. तेव्हा त्याचं वय ७३. पहिली यादी त्याने १८०५ सालीच स्वतःच्या लिखाणासाठी केली होती. त्याने फरक सांगायचं काम जाणूनबुजून सोडलं. त्याची मांडणी कल्पनांची होती: एक हजार शीर्षकं, प्रत्येकाखाली त्या कल्पनेच्या आसपासचे शब्द. वाचकाला भाषा येते हे त्याने धरून चाललं होतं. शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही, अशा माणसाला तो शब्द सापडावा, एवढंच काम. आणि जिथे शक्य तिथे एका पानावर दोन रकाने: एकीकडे कल्पना, समोर तिची विरुद्ध कल्पना. आपल्या बाडातल्या तिसऱ्या रकान्याचा पूर्वज हाच म्हणायला हरकत नाही. ‘अँटोनिम’ हा शब्द मात्र तेव्हा नव्हता. तो १८६७ मध्ये सी. जे. स्मिथच्या पुस्तकातून रुळला.

आता मजा बघा. रॉजेटने प्रस्तावनेच्या एका तळटीपेत आपल्या कामासारखं आधी कोणी केलंय का याचा शोध सांगितलाय. तिथे नाव येतं अमरकोशाचं, कोलब्रुकच्या १८०८ च्या सेरामपूर आवृत्तीचं! पाठशाळेत मुलं घोकत होती ती यादी गलबतातून लंडनला गेली आणि थिसॉरसच्या प्रस्तावनेत बसली. रॉजेटला ती आवडली नाही. तिची वर्गवारी अपुरी आणि गोंधळाची आहे, विशेषतः अमूर्त कल्पनांच्या बाबतीत, असा त्याचा शेरा आहे.

हा शेरा वाचून रागवायचं कारण नाही, पण तो साधन म्हणून वाचायला हवा. अमरसिंहाची यादी कवीच्या गरजेची होती. रॉजेट तिला तत्त्वज्ञाच्या मापाने मोजत होता. साधन ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्मलं तो प्रश्न सोडून आपला प्रश्न त्याच्यावर लादला, की साधन ‘गोंधळलेलं’ दिसतं. रॉजेटने अमरकोशाचं जे केलं, तेच आज आपण रॉजेटचं करतो. ज्याला भाषा येते त्याला विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी केलेली यादी, भाषा शिकणाऱ्याच्या हातात ‘हे सगळे शब्द एकच’ म्हणून पडते.

बुद्धी मोजायचं माप

पुढचं वळण अमेरिकेत, आणि ते जास्त गंभीर. पहिल्या महायुद्धात १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्याने १७ लाखांहून जास्त जणांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’. तिच्या आठ भागांपैकी एक होता समानार्थी-विरुद्धार्थी. शब्दांच्या जोड्या द्यायच्या आणि उमेदवाराने खूण करायची: सारखे की उलट? कवीचं साधन, कोशकाराचं साधन, विद्यार्थ्याचं साधन असलेली यादी इथे पहिल्यांदा माणसाच्या डोक्याचं माप म्हणून इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

या चाचण्यांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम. त्याने १९२३ मध्ये पुस्तक लिहून निष्कर्ष काढला की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक बुद्धीने कमी आहेत. आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. जे लोक अमेरिकेत जास्त वर्षं राहिले होते त्यांचे गुण जास्त होते. साधी माणसं म्हणतील की इंग्रजी आणि तिथलं जगणं सवयीचं झालं म्हणून गुण वाढले. ब्रिगमने अर्थ लावला की आधी आलेले लोक चांगल्या वंशाचे होते. १९३० साली त्याने स्वतःच लेख लिहून हे निष्कर्ष मागे घेतले. पण तोवर त्याच्याच देखरेखीखाली २३ जून १९२६ ला पहिली सॅट परीक्षा झाली होती, आणि तिच्यात अँटोनिमचा भाग होता.

पुढे जीआरई आणि तिच्यासारख्या परीक्षांमधून हा प्रश्नप्रकार जगभर गेला, त्यांच्यासाठी याद्यांची पुस्तकं निघाली, आणि तीच घराणी आपल्या स्पायरल बाडात उतरली. सॅटमधून अँटोनिम १९९४ मध्ये काढले गेले. जीआरईमधून ऑगस्ट २०११ मध्ये गेले; आता तिथे पूर्ण वाक्य देतात आणि त्यात बसणारे, वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन शब्द निवडायला सांगतात. ज्यांनी हे प्रश्न रुजवले त्यांनी ते सोडून संदर्भाकडे वळण घेतलं. आपल्याकडच्या अनेक परीक्षांत अजून सुटा शब्द आणि चार पर्याय हाच प्रकार चालू आहे.

यात आपल्यासाठी खरी बोचणारी गोष्ट अशी. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांना एबीसीडी भेटायची पाचवीत. आज पस्तिशी-चाळिशीत पीएचडीला येणारे शिक्षक, सरकारी नोकरीतले लोक त्या पिढीचे आहेत. सिनॉनिमच्या प्रश्नात त्यांचे चार गुण कमी आले तर ते मोजतं काय? ब्रिगमच्या आकड्यांनी जे मोजलं तेच: इंग्रजीच्या सहवासातली वर्षं. आमची अनेक मित्रमंडळी या गुणांवरून स्वतःला ‘आपण संशोधनाच्या लायकीचे नाही’ असं समजून बसतात. शंभर वर्षांपूर्वी ज्याने हा निष्कर्ष काढला होता, त्याने तो सात वर्षांत मागे घेतला. तुम्हीही घ्या.

यादी संशोधनात शिरली की काय होतं

२०२१ मध्ये कॅबनाक, लाबे आणि मागाझिनोव या तीन संशोधकांनी छापून आलेल्या शोधनिबंधांत विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, म्हणजे छळलेले शब्द. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’ऐवजी ‘कोलोसल इन्फर्मेशन’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बोझम पेरिल’. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा आणि पकडलं जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक शब्दाला सिनॉनिम लावायचा, यातून हे जन्मलेलं दिसतं. ‘आर्टिफिशियल’ आणि ‘काउंटरफिट’ यादीत शेजारी आहेतच! यंत्राने यादीवर पूर्ण विश्वास ठेवला, एवढंच.

हसू येतं, पण टेनंटचा ऑक्युपंट करताना आपण यापेक्षा वेगळं काही करत नसतो. फरक इतकाच की आपली चूक वाचायला बरी लागते, म्हणून लवकर सापडत नाही. प्लेजरिझमची टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसणाऱ्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. शब्द बदलून विचार आपला होत नाही. उलट ज्याचा विचार आहे त्याचाही बिघडतो.

मग शब्द शिकायचे कसे?

बाड फेकून द्या असं मी म्हणणार नाही. परीक्षा आहे तोवर ते लागेल. पण संशोधनासाठी शब्द शिकताना इतिहासात वर जे दिसलं त्यातून चार गोष्टी घेता येतात.

एक, ‘दर्पण’ची पद्धत. शब्द सुटा लिहू नका. तुमच्या विषयातल्या चांगल्या लेखातलं पूर्ण वाक्य वहीत डावीकडे उतरवा, उजवीकडे त्याचं तुमच्या मराठीतलं वाक्य लिहा. अडखळाल तिथे नेमका तो शब्द तुम्हाला अजून आलेला नाही. रोज तीन वाक्यं पुरेत.

दोन, क्रॅबची पद्धत. सिनॉनिमचा गट मिळाला की त्याखाली फरकाची एक ओळ लिहा. मराठीत सुरुवात केली तर सोपं जातं. परंपरा, रूढी, वहिवाट, प्रघात हे चार शब्द घ्या. परंपरा म्हटलं की पिढ्यांचं सातत्य आणि थोडा अभिमान येतो. रूढी म्हटलं की सुधारकाची नजर येते. वहिवाटीत हक्क येतो. एखाद्या वाटेवर वहिवाट आहे म्हटलं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. प्रघात म्हणजे नुसतं ‘असं करतात’. या चौघांना इंग्रजीत नेताना ‘ट्रॅडिशन’, ‘कस्टम’, ‘यूसेज’, ‘प्रॅक्टिस’ यांपैकी कोण कुठे बसतं हे भांडून ठरवा. या भांडणात जो अर्धा तास जाईल, त्यात पन्नास शब्द घोकण्यापेक्षा जास्त शिकून होतं.

तीन, मोल्सवर्थची पद्धत. शब्दापुढे त्याचा पत्ता लिहा: कायद्यातला, बोलण्यातला, मानसशास्त्रातला, वर्तमानपत्री. ‘सिग्निफिकंट’ संख्याशास्त्रात वेगळा, गप्पांत वेगळा. तुमच्या विषयातली संज्ञा ज्या कायद्यात किंवा ग्रंथात व्याख्या होऊन आली असेल ती व्याख्या, साल आणि कलमासकट नोंदवा. भोगवटादार १९६६ चा कोणता आणि त्याआधीच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातला कोणता, हे एका ओळीत लिहिलेलं असलं की पुढे गोंधळ होत नाही.

चार, संज्ञा एकदा ठरली की ती बदलू नका. शाळेच्या निबंधात एकच शब्द पुन्हा वापरणं कंटाळवाणं मानतात. शोधनिबंधात तो प्रामाणिकपणा आहे. दहा पानांत ‘टेनंट’ चाळीस वेळा आला तरी चालेल. आणि जिथे इंग्रजी शब्द अपुरा पडतो तिथे ‘कूळ’ हाच शब्द ठेवून पहिल्याच ठिकाणी त्याचा अर्थ समजावून सांगा. परक्या वाचकाला नवीन शब्द शिकायला लावणं हा उद्धटपणा नाही. सेरामपूरपासून मुंबईपर्यंत साहेबांनी आपल्या शास्त्र्यांपुढे बसून हेच शिकून घेतलं होतं.

विरुद्धार्थी शब्दांबद्दल एकच सांगतो. अँटोनिम विचारताना ‘कशाच्या बाबतीत उलट?’ असा पोटप्रश्न विचारायची सवय लावा. कुळाचा विरुद्ध कोण? जमीन कोणाच्या नावावर हे बघितलं तर मालक. किती काळाचा हक्क हे बघितलं तर हंगामी मजूर. राहतो कुठे हे बघितलं तर गावाबाहेरचा जमीनधारक. तीन उत्तरं, तीनही बरोबर, आणि प्रत्येकातून एक वेगळा संशोधन प्रश्न निघतो. ज्यांना विषय सुचत नाही असं वाटतं त्यांनी आपल्या विषयातल्या एका मुख्य शब्दावर हा प्रयोग एका संध्याकाळी करून बघावा. गाईडला दाखवण्यापुरते दोन-तीन प्रश्न नक्की हाती लागतील.

पुढच्या लेखात फेरफार नोंद कशी वाचायची ते बघू. तोवर तुमच्या विषयातली अशी एखादी जोडी, यादीत समानार्थी आणि प्रत्यक्षात वेगळी, शोधून ठेवा.